टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम कसा खेळतात आणि नवख्याने सुरुवात कोठून करावी?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ, 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि नवख्यांनी आजही त्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. यात कोणी कोणाला हरवायचे नसते. चार-पाच जण टेबलाभोवती बसून बोलत बोलत एक गोष्ट घडवतात. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो, तर त्यांच्यातलाच एक जण ‘डंजन मास्टर’, म्हणजे खेळाचा सूत्रधार, होऊन प्रसंगाचे वर्णन करतो, उरलेली सर्व पात्रे सांभाळतो आणि नियमांचा निवाडा करतो.

समजा, तुमचे पात्र चोर आहे आणि तुम्ही म्हणालात, “मी तारेने हे कुलूप उघडून पाहतो.” डंजन मास्टर मनाशी 15 ही काठिण्यपातळी, म्हणजे यशासाठी किमान गाठायचा आकडा, ठरवतो, तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकता, 11 पडतात, पात्राच्या कौशल्याचे 5 त्यात मिळवल्यावर 16 होतात आणि कुलूप उघडते. 7 पडले असते, तर कुलूप तसेच राहिले असते आणि कदाचित पहारेकऱ्याची चाहूलही लागली असती; अशा अपयशातूनच गोष्ट अनपेक्षित वळण घेते, म्हणून त्याला मुळीच घाबरू नये.

मूलभूत नियम अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पहिल्या वेळी तयार पात्रे घ्यावीत, एका बैठकीत संपणारे छोटे साहस निवडावे आणि गोष्टीत कोणते विषय नकोत, हे सर्वांनी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. नियम इंग्रजीत असले, तरी खेळ खुशाल मराठीतून खेळावा.