मॅनेजर म्हणून पहिलंच सॉफ्टवेअर प्रोजेक्ट हाती आलंय?

अगं, घाबरतेस कशाला! सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. तारीख देण्याआधी काम करणाऱ्यांना विचार. क्लायंटने 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' म्हटलं की नवा माणूस हमखास 'हो' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी 'टीमशी बोलून संध्याकाळी कळवते' म्हण, आणि संध्याकाळी खरंच कळव. अंदाजात टेस्टिंग धर, क्लायंटची मंजुरी धर, सणवार धर. गणपतीत निम्मी टीम कोकणात असते. कोण कधी जाणार ते जुलैतच विचारून ठेव.

२. काम रखडलं म्हणून माणसं मागू नकोस. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५! शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच लागतात. त्यापेक्षा क्लायंटशी बोलून या खेपेचं काम कमी करून घे.

३. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, १५ मिनिटांत संपव. आणि कृपा करून नऊला ठेवू नकोस. ठाणे-वाशी लोकलमधून ऐरोलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभा असलेला माणूस फोनवर काय धड सांगणार? साडेदहा बरी.

गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता), मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट वगैरे नंतर बघू. वाईट बातमी मात्र त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घाल. सोमवारी एकेकाला चहाला ने आणि त्याचं काम कुठे अडतंय ते विचार.