‘डिलाइटचा माल येत नाही’ म्हणाले, तर पद्मिनीचा मागा

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९६८ची फियाट डिलाइट अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती, आता चालू केली आहे. इंजिन छान आहे, पण मागून डावी बाजू बसली आहे आणि पुढून खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येतो. इथले दुकानदार ‘या गाडीचा माल येत नाही’ म्हणतात. एक मिस्त्री मारुतीचे शॉकअब बसवून देतो म्हणतोय. बसवू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका बसवू. मारुतीच्या शॉकअबची लांबी वेगळी, कडकपणा वेगळा. ते बसवायला मूळचे ब्रॅकेट कापावे लागतील आणि कापलेलं परत येत नाही. शिवाय तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार अशा गाडीला विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो, पण त्यासाठी बॉडी, चॅसी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. वडिलांची गाडी आहे, तिला हा मान मिळायला हवा.

माल येत नाही, हे अर्धंच खरं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात हीच गाडी पुढे पद्मिनी म्हणून निघत राहिली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. म्हणून काउंटरवर ‘डिलाइट’ म्हणू नका, ‘पद्मिनी, टॅक्सीचा माल’ म्हणा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे चौकशी करा. जुना भाग पिशवीत घालूनच न्या आणि कॅलिपरने माप जुळवून घ्या. उशीर करू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये या टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यावरून उतरल्या. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल ठेवत नाही.

पण खरेदीच्या आधी आवाज कुठला ते घरीच बघा. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला, तर घरच्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती उभी खीळ) नाहीतर त्याचे बुश (खिळीभोवतीच्या नळ्या) झिजलेत. अकरा वर्षांत ग्रीस सुकून खडू झालेलं असणार, मला तरी किंगपिनच वाटतो.

मागची बाजू बसली, त्यासाठी बाहेर जायची गरजच नाही. पुणे–हैदराबाद रस्त्यावरचं आपलं गाव, ट्रकच्या पाट्यांची (मागचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) कामं करणारे हात इथे भरपूर आहेत. दोन्ही बाजूंचे पाटे एकदम उतरवा, नाहीतर गाडी पुन्हा तिरकी बसेल. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाभोवती नखाने चाचपा. तिथून निघालेली चीर गंजाच्या केसाएवढी रेघ दिसते. चिरलेल्या पाट्याला वेल्डिंग करू देऊ नका, तो बदलाच. बसलेल्या पाट्याला कमान देताना गॅसने लाल केला, तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पुन्हा नीट पाणी देणाऱ्याकडेच काम द्या. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घ्या. बाकीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहा. कोऱ्या डोक्याचा बोल्ट इथे नको.

किंगपिनचे पितळी बुश सोलापुरात कातून मिळतील. यंत्रमागाचे बुश करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांचा हात सफाईदार आहे. पण किंगपिन इथे कातून घेऊ नका. तो वरून कडक आणि आतून चिवट केलेला असतो. साध्या शाफ्टचा तुकडा घातला, तर लवकर झिजेल आणि तुटला तर चाक निखळेल. विकत घेतानाही टोकाला बारीक कानस फिरवून बघा. घसरली तर ठीक, चावली तर परत करा. आधी किंगपिन आणा, मग त्याच्या मापाने बुश रीम करून (आतलं भोक नेमकं कातून) घ्या. उलटं केलंत तर पैसे वाया.

रबराबाबत माझं मत ठाम आहे. लोखंड जुन्या साठ्यातलं घ्या, रबर ताजंच घ्या. एका ग्राहकाच्या पद्मिनीत मी डबाबंद, ‘ओरिजिनल’ रबर बुश बसवले होते. गाडी पंढरपूरला जाऊन आली आणि बुश फाटले. डबा न उघडताही रबर म्हातारं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्या माणसाला मी पुन्हा पैसे लावले नाहीत, पण त्याचा आख्खा दिवस गेला. नख दाबा, खूण उमटून परत भरून आली तर घ्या. बसवताना ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.

आणि रबर बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनतीनदा दाबून बसू द्या, मगच आवळा. हवेत आवळलेलं रबर गाडी खाली आली की पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात तुटतं.

पुढची कॉइल स्प्रिंग मात्र घरी खोलू नका. ती दाबलेली बसलेली असते, निसटली तर हात मोडेल. स्प्रिंग कंप्रेसर लावूनच काम करणारा मिस्त्री गाठा.