वाचकांचे प्रश्न: जर्मनीतली इंटर्नशिप, आधी कागद मग तिकीट

परदेशातल्या विद्यार्थी इंटर्नशिपबद्दल आलेली बहुतेक पत्रं जर्मनीविषयीच आहेत. टॉवेल-चादरीच्या सोलापुरातून ती यावीत हे साहजिकच. मागांची, वार्प निटिंगची (ताण्याच्या धाग्यांना फासे घालून कापड विणण्याची) आणि फिनिशिंगची (विणलेल्या कापडावर शेवटची प्रक्रिया करण्याची) कितीतरी यंत्रं तिथूनच येतात. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

टेक्स्टाईल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी टॉवेलचा कारखाना आहे. जर्मनीत इंटर्नशिप कुठे आणि कशी शोधायची? पन्नासेक ई-मेल पाठवले, एकालाही उत्तर नाही. (विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

पन्नास ठिकाणी एकच मजकूर गेला असेल तर उत्तर येणार नाही. पाचच ठिकाणं निवडा, पण प्रत्येक ठिकाणचं काम वाचून लिहा. संशोधनाकडे ओढा असेल तर आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातली टेक्स्टाईल संस्था, श्टुटगार्टजवळची डेंकेनडॉर्फची संस्था आणि ड्रेस्डेनचं तांत्रिक विद्यापीठ पाहा. कारखान्यात शिकायचं असेल तर यंत्र बनवणाऱ्यांकडे वळा. लिंडाऊला डॉर्नियरचे माग बनतात, त्यात टेरीचे, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या कापडाचेही आहेत. म्यूनशेनग्लाडबाखला ट्र्युट्झश्लर ही कार्डिंगची (कापूस पिंजण्याची) आणि मोनफोर्ट्स ही फिनिशिंगची कंपनी आहे. ओबर्ट्सहाउझेनला कार्ल मायर वार्प निटिंगची यंत्रं बनवते.

पत्र संचालकाला नको. ज्या गटात काम करायचं आहे त्या गटप्रमुखाला लिहा, त्याचं नाव संस्थेच्या पानावर असतं. बायोडेटा दोन पानांच्या आत, मार्कलिस्ट आणि पत्र यांची मिळून एकच पीडीएफ करा. फाईलच्या नावात स्वतःचं नाव असू द्या.

घरचा कारखाना हेच तुमचं भांडवल आहे, पण ते नेमक्या शब्दांत मांडायला हवं. ‘टॉवेल उत्पादनाचा अनुभव’ एवढ्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. तीन पिकांच्या टेरीत (पीक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा) फणी पहिले दोन बाणे विणून झालेल्या कापडाच्या कडेच्या थोडं अलीकडेच सोडते, तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे ढकलते आणि सैल सोडलेल्या ताण्याचा फासा वर उभा राहतो. हे तुम्ही रोज पाहता. मग लिहा: कोणत्या बनावटीच्या मागावर, किती जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) माल, फाशाची उंची कमी-जास्त होण्याची तक्रार कुठून येते, पाईल ताण्याचा (फासे बनवणाऱ्या ताण्याचा) ताण कसा धरतात, सायझिंगमध्ये (ताण्याला खळ देण्यात) काय बदलून पाहिलं. अशा चार ओळी वाचून गटप्रमुखाला कळतं की या मुलाला मागापाशी उभं करता येईल. सुरुवातीच्या तारखेआधी निदान पाच-सहा महिने लिहा.

जर्मन भाषेचं म्हणाल तर प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं, कारखान्याच्या मजल्यावर नाही. ए-२ म्हणजे रोजच्या साध्या बोलण्याच्या पातळीपर्यंत तरी शिकून जा.

मुलीला तीन महिन्यांचं इंटर्नशिपचं पत्र आलं आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून तिकीट काढून ठेवू का? आणि टुरिस्ट व्हिसावर गेलं तर चालतं असं कुणी सांगितलं, ते खरं का? (पालक, जुळे सोलापूर)

काका, तिकीट अजिबात काढू नका, आणि टुरिस्ट व्हिसाचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. इंटर्नशिप तीन महिन्यांहून कमी असली तरी ते पर्यटन ठरत नाही. टुरिस्ट व्हिसावर कारखान्यात सापडलेल्या मुलीला परत पाठवतात आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ती नोंद आडवी येते.

क्रम असा. आधी करार. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, मार्गदर्शकाचं नाव आणि विद्यावेतन असावं. मग जर्मन कंपनी किंवा संस्था तिथल्या संघीय रोजगार खात्याकडे इंटर्नशिपच्या मान्यतेचा अर्ज करते. अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या इंटर्नशिपसाठीची ही वाट जास्तीत जास्त १२ महिन्यांची आहे आणि चार सेमिस्टर पूर्ण झालेल्या, अजून नाव दाखल असलेल्या विद्यार्थ्यांना मिळते. मान्यतेचा कागद हाती आला की व्हिसाचा अर्ज. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर राष्ट्रीय म्हणजे डी व्हिसा लागतो, त्याचं शुल्क ७५ युरो. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. मुंबईत अर्ज देण्याची वेळ (अपॉइंटमेंट) मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते. पण वेळ सकाळी लवकरची असेल तर आदल्या दिवशीच जा. गाडी उशिरा आली आणि वेळ हुकली की पुढची वेळ कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि काहींचा तो रकाना रिकामाच असतो. करारावर, बोनाफाईडवर आणि विम्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच, त्याच क्रमाने हवं. जर्मन कंपनीला पासपोर्टच्या पानाची प्रत आधीच पाठवा, म्हणजे तिथला कारकून बायोडेटा पाहून नाव टाकणार नाही.

कॉलेजच्या पत्रात ‘इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे’ हे वाक्य जर्मन कंपनी का मागते? त्याने काय फरक पडतो? (विद्यार्थिनी, बार्शी)

पैशांचा फरक पडतो. जर्मनीत किमान वेतन २०२६ च्या १ जानेवारीपासून ताशी १३.९० युरो आहे. अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या इंटर्नशिपला ते लागू होत नाही. शिक्षण चालू असताना स्वेच्छेने केलेल्या इंटर्नशिपलाही तीन महिन्यांपर्यंत सूट आहे. स्वेच्छेची इंटर्नशिप त्याहून लांबली की किमान वेतन पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. म्हणून सहा महिन्यांसाठी घ्यायचं तर कंपनी आधी हे पत्र मागते. तुमच्या अभ्यासक्रमात आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप असेल तर विभागप्रमुखांकडून तसं लिहून घ्या: विषयाचा कोड, क्रेडिट, किमान आठवडे, सही, शिक्का. नसेल तर खोटं पत्र मागू नका. त्यापेक्षा तीन महिन्यांचीच इंटर्नशिप ठरवा.

विद्यावेतन कमी असेल तर राहण्याचा खर्च कसा भागेल हे व्हिसाच्या वेळी दाखवावं लागतं. जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांसाठी महिन्याला ९९२ युरो धरतात. तुम्हीही हिशेब त्याच्या आसपासच करा.

खोली कशी मिळवायची? फसवणुकीची भीती वाटते. (विद्यार्थी, होटगी रोड)

भीती रास्त आहे. विद्यार्थी वसतिगृहं बहुधा तिथल्या विद्यापीठात नाव असलेल्यांनाच मिळतात. इंटर्नला सोयीची पडते ती सामायिक घरातली पोटभाड्याची खोली. एखादा विद्यार्थी दोन-चार महिने बाहेरगावी जातो आणि त्याची खोली सामानासकट मिळते. खोली न दाखवता, निदान व्हिडिओ कॉलवरही न दाखवता, अनामत आधी मागणारा माणूस फसवणारा समजा. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ हे ठरलेलं वाक्य आहे. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मूळ भाडं आणि हीटिंग-पाण्यासह भाडं हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही विचारा.

पैशांइतकाच एक कागद महत्त्वाचा: तुम्ही तिथे राहायला आलात असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो आणि तो या पत्राशिवाय नोंदवून घेत नाहीत. ‘नोंदणी जमणार नाही’ असं मालक म्हणाला तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर पगारातून सर्वात चढ्या वर्गाने कर कापला जातो.

पोचल्या दिवशीच करण्याचं काम म्हणजे टपालपेटीवर स्वतःच्या आडनावाची चिठ्ठी लावणं. तिथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसलं की पत्र परत. बँकेचं कार्ड, कर क्रमांक, विम्याचा कागद सगळं याच पेटीत येतं.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली तर विमानतळावर काढून घेतात का? (एक आई, साखर पेठ)

नाही, ताई. दोन्ही बिनदिक्कत द्या. चटणी हवाबंद पाकिटात, चेक-इनच्या बॅगेत. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घालून केलेली मिठाई नको. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजीत टाईप केलेल्या चिठ्ठीसह.

सुट्टीच्या दिवशी देश पाहायचा आहे, पण खर्च परवडेल का? शेजारच्या देशांत जाता येईल का? (विद्यार्थिनी, पंढरपूर)

परवडेल. डॉइचलँड-टिकीट घ्या, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या त्यात येतात. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. गाडीच्या नावाआधी आरई, आरबी किंवा एस असेल तर बिनधास्त चढा. तिकीट न दाखवता आल्यास दंड ६० युरो, म्हणून मोबाईलची चार्जिंग सांभाळा. हे तिकीट दर महिन्याला आपोआप चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवा.

कापडाचं शिक्षण घेणाऱ्यांनी राजवाड्यांआधी गिरण्या पाहाव्यात असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. डुसेलडॉर्फजवळ राटिंगनला क्रॉमफोर्ड ही युरोप खंडावरची पहिली यांत्रिक सूतगिरणी. १७८३ मध्ये ब्र्युगेलमान या उद्योजकाने ती उभारली आणि नावही इंग्लंडमधल्या आर्कराईट या गिरणीमालकाच्या सूतगिरणीच्या गावावरून घेतलं. आज तिथे संग्रहालय आहे. ऑइसकिर्शनजवळ कुखेनहाइमला म्युलर यांची लोकरीच्या कापडाची गिरणी १९६१ मध्ये बंद पडली, पण यंत्रं जागची हलवली नाहीत. पिंजण्यापासून फिनिशिंगपर्यंतची सगळी साखळी एकाच इमारतीत पाहायला मिळते. आपल्याकडे बंद गिरण्यांची यंत्रं भंगारात गेली. जुन्या मिलच्या चिमण्यांकडे पाहत वाढलेल्या सोलापूरकराला तिथे बरंच काही कळेल. क्रेफेल्ड-लिनचं वस्त्रसंग्रहालय आणि वुपर्टालची १९०१ पासून धावणारी, रुळाखाली लटकणारी आगगाडीही पाहा. आखेनहून निघणारी आरई ४ गाडी म्यूनशेनग्लाडबाख, डुसेलडॉर्फ करत वुपर्टालला जाते. संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात आणि दुकानं रविवारी, म्हणून किराणा शनिवारीच भरा.

डी व्हिसावर इतर शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे जर्मन सिमकार्डचं मोफत रोमिंग तिथे गृहीत धरू नका. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. आखेनहून नेदरलँड्स आणि बेल्जियमची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, पण रेल्वेने पलीकडे जाताना पुढचं तिकीट वेगळं काढा.

परत येताना काय विसरू नये? (विद्यार्थी, विजापूर रोड)

पत्त्याची नोंद रद्द करा. हे काम खोली सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून ते सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. खोली ताब्यात देताना भिंती, नळ आणि मीटरचे फोटो काढून मालकाची सही घ्या, अनामत त्यावरच परत मिळते. बँक खातं अनामत जमा झाल्यावर बंद करा, आधी नाही. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागू नका. तिथे त्यात कामाचं तपशीलवार वर्णन लिहितात आणि त्याला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे आधी मागा. तारखा आणि एकूण तास त्यात आले आहेत ना ते तिथेच तपासा, कारण कॉलेजला क्रेडिट द्यायला नेमकं तेच लागतं.