कळा सोसायच्या किती आणि बोलायचं कधी?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मी पहिलटकरीण आहे, आठवा महिना सरत आलाय. आई पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येतेय. मला दुखण्याची फार भीती वाटते, दात काढायचा म्हटला तरी घाम फुटतो. मिडवाइफने (इथली सुईण) बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपण कसं हवं त्याचा कागद, लिहून आणायला सांगितलाय. कळांच्या वेळी दुखणं कमी करायला काय हवं, तेही त्यात लिहायचंय. मी पाठीतलं इंजेक्शन लिहिणार होते, तर आई फोनवर म्हणाली, ‘जन्मभर कंबर धरून बसशील. आम्ही काय घेतलं होतं?’ सासूबाई म्हणतात, त्याने हमखास सिझर होतं. नवरा म्हणतो, तुला हवं ते कर. पण रक्त बघितलं की त्यालाच चक्कर येते. मी नेमकं काय ठरवू?

उत्तर : आधी कंबरेचं बघू. आई विमानात बसायच्या आत हा वाद मिटलेला बरा.

पाठीतल्या इंजेक्शनने, म्हणजे एपिड्युरलने, कंबर कायमची धरते, याला आधार नाही. सुई टोचली तिथे थोडे दिवस ठणकतं, तेवढं खरं. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळजणींची दुखते, इंजेक्शन घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. घेतलेलीला खापर फोडायला एक जागा मिळते, इतकंच. सासूबाईंचं म्हणणं अर्धं चुकीचं आहे आणि अर्ध्याजवळ पोचणारं आहे. एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही. पण जोर करून बाळ बाहेर काढायचा टप्पा लांबतो आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याची शक्यता वाढते. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी ‘नाइस’ ही संस्थाही हेच सांगते.

बाकी धोके आईला आकड्यांतच सांग, म्हणजे शेजारच्या काकूंचे किस्से आपोआप मागे पडतील. इथल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीप्रमाणे साधारण ८ जणींत एकीला एपिड्युरलचा पुरेसा गुण येत नाही आणि दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ५० त एकीचा रक्तदाब बराच उतरतो. १०० त एकीचं डोकं नंतर भयंकर दुखतं, त्यावर इलाज असतो. मज्जातंतूची इजा सहा महिन्यांच्या पुढे टिकण्याचं प्रमाण १३,००० त एक. मला यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तोच कुणी सांगत नाही. इंजेक्शन घेतलं म्हणजे संपलं, अशा भरवशावर जाणारी मुलगी एका बाजूला बधिरी कमी पडली की घाबरून जाते. तेव्हा गप्प न राहता लगेच सांगायचं. पाठीत औषध सोडणारी नळी थोडी मागे ओढून किंवा औषध वाढवून पुष्कळदा जमतं.

आणि ‘आम्ही काय घेतलं होतं?’ याचं उत्तर सोपं आहे. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडच्या प्रसूतिगृहात आई बाहेर बाकावर, नवरा त्याहून लांब, आणि आत बाई एकटी. ओरडली तर ‘आवाज करू नकोस’ हे वर. आईला हे टोचून बोलू नकोस, शांतपणे विचार. बऱ्याच आया या विषयावर पहिल्यांदाच तोंड उघडतात. बायकांनी सोसलंच पाहिजे, असं मानणारे लोक इथेही कमी नव्हते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी साप्ताहिकानेच नाक मुरडलं होतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. इथली पद्धत मागण्यावर चालते. मिडवाइफ येते, गोड आवाजात विचारते, कसं चाललंय? आपली मुलगी दात-ओठ खाऊन म्हणते, ‘आय अॅम फाइन.’ झालं! वहीत नोंद होते, सोसतेय छान, आणि मिडवाइफ शेजारच्या खोलीत मोठ्याने ओरडणाऱ्या बाईकडे जाते. इथे वाढलेल्या बाईने ‘फाइन’ म्हटलं तर त्याचा अर्थ फाइन असाच असतो. आपल्या ‘ठीक आहे’मागे काय दडलंय, हे आपल्या माणसाला कळतं, त्या बिचारीला कसं कळावं? दुखणं दहात सात झालं की सात म्हण. इंजेक्शन हवं वाटायला लागलं की तेव्हाच माग, असह्य होईपर्यंत थांबू नकोस. भूलतज्ज्ञ रात्री एखाद्या सिझरमध्ये अडकलेला असू शकतो. शिवाय बाळ अगदी तोंडाशी आलं असेल, तर एपिड्युरल द्यायला वेळच उरत नाही. ‘मला आत्ता एपिड्युरल हवंय, भूलतज्ज्ञांना कळवा’ हे वाक्य इंग्रजीत नवऱ्याला पाठ करून ठेवायला सांग. कळ आली की तुला व्याकरण सुचणार नाही.

पण एपिड्युरलवर येण्याआधी बराच रस्ता आहे आणि त्याची तयारी कुणी करत नाही. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत बरेच तास, कधी दिवस-दोन दिवसही जातात. कळा येतात, थांबतात, परत येतात. या वेळात दवाखान्यात गेलीस तर तपासून घरी पाठवतात आणि मग आपल्याकडच्यांना वाटतं, हाकलून दिलं. तसं नसतं. घरी हालचाल करायला, खायला, झोपायला मोकळीक असते म्हणून पाठवतात. साधारण दर पाच मिनिटांनी कळ यायला लागली आणि ती मिनिटभर टिकली की फोन करायचा. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता ताबडतोब, रात्री तीन वाजता असलं तरी.

आईचा खरा उपयोग या टप्प्यावर आहे. कळ आली की माकडहाडाच्या वर तळहात ठेवून घट्ट दाबून धरायला सांग. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं, कळ ओसरेपर्यंत. एका ओळखीच्या मुलीची आई रात्रभर हेच करत होती. मुलगी खुर्चीवर उलटी बसलेली, खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवून. आई मागे स्टुलावर, तळहाताला तेल लावून, आणि दर कळेला एकच वाक्य, ‘ही पण गेली बघ.’ मध्ये उठून मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज वाटीत आणून देत होती. एकही सल्ला नाही, ‘अजून किती वेळ?’ नाही. मुलगी पहाटे दवाखान्यात पोचली तेव्हा अर्धं काम झालेलं होतं. गरम पाण्याची अंघोळ, पाठीला गरम पाण्याची पिशवी, घरभर फेऱ्या, मोठ्या चेंडूवर बसून डुलणं, हे सगळं चालतं. पॅरासिटामॉल पाकिटावरच्या मात्रेत चालतं. आयब्युप्रोफेन मात्र नाही. टेन्स नावाचं, विजेचे हलके झटके देणारं यंत्र भाड्याने मिळतं, पाठीला चार पट्ट्या चिकटवतात. सुरुवातीच्या कळांत काहींना त्याने बरं वाटतं, पुढे त्याची फारशी मदत होत नाही. पाण्यात ते लावायचं नाही.

एक गोष्ट आईच्या बॅगेतून काढून ठेवायला सांग, ती म्हणजे एरंडेल. ‘दुधातून चमचाभर घे, कळा लवकर येतील’ असं प्रेमाने सांगितलं जातं. त्याने जुलाब होतात, उलट्याही होऊ शकतात आणि ऐन वेळी अंगातलं पाणी व ताकद दोन्ही जातात. मिडवाइफला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. डिंकाचे लाडू, अळीव खुशाल येऊ देत, त्यांचा नंबर नंतर.

दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा बहुतेक गॅस अँड एअर मिळेल. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. नळीचं तोंड तुझ्याच हातात असतं. याचा गुण यायला १५-२० सेकंद लागतात आणि गंमत इथेच फसते. कळ शिगेला पोचल्यावर ओढायला घेतलं तर गुण येईपर्यंत कळ उतरणीला लागलेली असते, आणि मग ‘मला तर काहीच झालं नाही’ अशी तक्रार. कळेची पहिली चाहूल लागली की लगेच सावकाश, खोल श्वास घ्यायला लाग. कळ सरली की नळी बाजूला. डोकं हलकं होतं, तोंड कोरडं पडतं, काहींना मळमळतं. सोडलं की काही मिनिटांत सगळं उतरतं. दुखणं यात जात नाही, थोडं लांब सरकतं.

कोमट पाण्याचा टब मिळत असेल तर नाही म्हणू नकोस. पाण्यात वजन हलकं होतं, अंग सैल पडतं आणि पाण्यात उतरलेल्या बायका पाठीतलं इंजेक्शन कमी मागतात असं दिसून आलंय. लाज वाटत असेल तर काळा टी-शर्ट घालून उतर, कुणी काही म्हणत नाही.

पेथिडिन किंवा डायमॉर्फिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन मांडीत देतात. साधारण वीस मिनिटांनी लागू होतं, दोन ते चार तास टिकतं. गुंगी येते, उलटी होऊ शकते. बाळंतपणाच्या फार जवळ दिलं तर बाळ झोपाळू होतं, त्याच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो आणि पहिलं दूध पाजायला त्रास होतो. हे इंजेक्शन घेतल्यावर दोन तास टबात उतरता येत नाही. मला स्वतःला हा पर्याय पहिल्या पसंतीचा वाटत नाही. पण रात्रभर न झोपलेल्या बाईला दोन तासांची डुलकी मिळाली तर तिचा जीव परत येतो, हेही मी पाहिलंय.

आणि एपिड्युरल. आधी हाताला सलाइन लावतात. मग पलंगाच्या कडेला पाठीचा बाक काढून बसायचं, उशी पोटाशी, हनुवटी छातीला. सगळ्यात अवघड भाग सुई नाही, तर कळ चालू असताना न हलणं हा आहे. ‘कळ येतेय, थांबा’ म्हटलं की भूलतज्ज्ञ थांबतात. बसवायला दहा मिनिटं आणि गुण यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं धर. पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, बाळाचे ठोके यंत्रावर बघत राहतात. पक्कं लक्षात ठेव, फक्त मिडवाइफ चालवतात त्या बर्थ सेंटरमध्ये एपिड्युरल मिळत नाही. तिथून मोठ्या विभागात हलवावं लागतं. तुझा कल त्याकडेच असेल तर नाव कुठे नोंदवलंय ते आजच बघ. आणि पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आत्ताच सांग, म्हणजे भूलतज्ज्ञांची भेट आधीच होईल.

नवऱ्याला चक्कर येते म्हणून बाहेर बसवू नकोस. त्याला डोक्याशी बसव, तिथून रक्त दिसत नाही. पोट भरून यायला सांग. उपाशी नवरे जास्त कोसळतात. त्याने कळा मोजायच्या, पाणी द्यायचं आणि तुझ्या वतीने बोलायचं. बाळंतपणात एक माणूस सतत जवळ असण्याचा फायदा २६ अभ्यास आणि १५ हजारांवर बायकांचा आढावा घेऊन तपासला गेलाय. अशा बायकांना औषध थोडं कमी लागतं आणि चिमटा किंवा सिझरशिवाय सुटका होण्याचं प्रमाण वाढतं. दवाखाना दोघांना आत सोडत असेल तर आईलाही ने. पण आईला दुभाषी करू नकोस आणि आईसाठी स्वतः दुभाषी होऊ नकोस. इंग्रजी अडत असेल तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, मराठी दुभाषी फुकट मिळवून देते, तो आधी मागावा लागतो.

इंग्लंडबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. अमेरिकेत बहुतेकजणी एपिड्युरल घेतात, गॅस मात्र सगळीकडे नसतो. भूलतज्ज्ञाचं बिल वेगळं येतं का ते विमा कंपनीला आधी विचारा. जर्मनीत एपिड्युरलला पीडीए म्हणतात, आणि हेबामे म्हणजे तिथली मिडवाइफ मिळायची मारामार असते, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच शोधायला लागा. नेदरलँड्समध्ये घरी बाळंत होणं आजही नवलाचं नाही, पण एपिड्युरल हवं असेल तर दवाखान्यातच जावं लागतं.

तुझ्या बर्थ प्लॅनमध्ये चार ओळी पुरेत. सुरुवातीला पाणी आणि गॅस. मागितलं की एपिड्युरल, आणि ते मी मागणार आहे असं धरून चाला. पेथिडिन विचारल्याशिवाय नको. दुखतंय असं मी लवकर बोलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारा. शेवटची ओळ ठळक लिही. ऐन वेळी मत बदललं तर बदलू दे, कागद तुझा आहे.

बाळंतपणानंतर टाके दुखतील. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही दूध पाजताना चालतात, कोडीन असलेली वेदनाशामक गोळी नको. आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी आईने फ्लॅटमध्ये दिली तर धुराचा अलार्म वाजेल, बाळाच्या छातीलाही धूर नको. गरम पाण्याने शेकायला सांग.