निसानचा शेअर स्वस्त आहे, पण आपण निसान आधीच पुष्कळ घेतली आहे

प्रश्न (पत्राचा सारांश): मी ३८ वर्षांचा असून जपानमधील कानागावा प्रांतात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. कायम वास्तव्याचा परवाना आहे; पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत राहतात. माझे वडील सैन्यात होते. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्याखाली बनलेली जोंगा त्यांनी वर्षानुवर्षे चालवली आणि त्या गाडीबद्दल ते आजही आदराने बोलतात. दहा वर्षांपूर्वी हजार येनांच्या वर असलेला निसानचा शेअर आता साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे पुस्तकी मूल्याच्या (हिशेबवहीतील मालमत्ता वजा देणी) जेमतेम पावपट दराने मिळतो. १९९९ मध्येही कंपनी अशीच बुडायला आली होती आणि दोन वर्षांत सावरली. बँकेतील ६० लाख येनांपैकी २४ लाख येन निसा या करमुक्त खात्यातून निसानच्या शेअरमध्ये घालावेत का? दोन-तीन वर्षांत तिप्पट होतील, असा माझा अंदाज आहे. माहितीसाठी: आमच्या कंपनीची साठ टक्के कामे निसानकडून येतात, आमच्याच कंपनीचे शेअर घेण्याच्या कर्मचारी शेअर योजनेत माझे आजवर २२ लाख येन गेले आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी योकोसुका शहरात ओप्पामा स्थानकाजवळ एका खोलीचा फ्लॅट कर्ज काढून गुंतवणूक म्हणून घेतला आहे.

उत्तर: घालू नयेत. मात्र आपण ‘माहितीसाठी’ म्हणून शेवटी जे जोडले आहे ते मूळ प्रश्नापेक्षा कितीतरी गंभीर असल्यामुळे या उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

आधी कंपनीविषयी लिहितो, कारण आपला आणि आपल्या वडिलांचा विश्वास निराधार नाही. योशिसुके आयकावा यांनी १९३३ मध्ये योकोहामा येथे सुरू केलेल्या या कंपनीने १९६० मध्ये गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक मिळवले, १९६६ मध्ये प्रिन्स मोटर सामावून घेऊन स्कायलाइन ही गाडी आपल्या नावावर केली, १९६९ मध्ये २४०-झेड काढून अमेरिकेच्या बाजारात स्वतःची जागा निर्माण केली आणि २०१० मध्ये लीफ ही विजेवरची गाडी सर्वसामान्य ग्राहकासाठी विक्रीला आणली, तेव्हा मोठ्या स्पर्धकांपैकी बहुतेक जण अजून विचारच करत होते. निसानच्या अभियंत्यांनी कमावलेली ही पत आहे आणि तिला कोणी कमी लेखू नये.

परंतु गाडीची पत आणि भागधारकाचा लाभ या दोन गोष्टी निसानच्या इतिहासात वारंवार वेगळ्या झालेल्या आहेत. १९८९ मध्ये आलेली स्कायलाइन जीटी-आर जगभरच्या गाडीवेड्यांच्या भिंतीवर लागली, आणि त्याच गाडीच्या ऐन उमेदीच्या दशकात कंपनी बहुतेक वर्षे तोट्यात होती. १९९९ पर्यंत कर्जाचा डोंगर सुमारे २ लाख कोटी येनांवर गेला. अमेरिकेत दोन दशके खपून रुजवलेले डॅटसन हे नाव १९८१ नंतर व्यवस्थापनाने स्वतःच्या हाताने काढून टाकले, आणि पुढे भारतात तेच नाव स्वस्त गाडीवर लावून पुन्हा आणले, तेही २०२२ मध्ये गुंडाळावे लागले. २०१७ मध्ये जपानमधील कारखान्यांत अंतिम तपासणी पात्र नसलेल्या कामगारांकडून होत असल्याचे उघड झाले आणि दहा लाखांहून अधिक गाड्या परत मागवाव्या लागल्या. वडिलांनी चालवलेली जोंगा भक्कम होती, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या भक्कमपणाच्या आधारावर आजचा शेअर मोजता येत नाही.

आता आजचे आकडे. मार्च २०२५ अखेर संपलेल्या वर्षात निसानला सुमारे ६७,१०० कोटी येनांचा निव्वळ तोटा झाला. साडेतीनशे येनांच्या दराने संपूर्ण कंपनीचे बाजारमूल्य साधारण १ लाख ३० हजार कोटी येन होते. म्हणजे एका वर्षाचा तोटा जवळजवळ निम्म्या कंपनीएवढा आहे. त्या वर्षाचा लाभांश मिळाला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेने कंपनीचा पतदर्जा गुंतवणूकयोग्य पातळीच्या खाली उतरवला, आणि त्याच महिन्यात होंडाबरोबरच्या विलीनीकरणाची बोलणी फिसकटली. ‘पुस्तकी मूल्याच्या पावपट’ हा आपला मुख्य आधार आहे; परंतु त्या तोट्यातील सुमारे ५०,००० कोटी येन हे कारखाने आणि यंत्रसामग्रीचे पुस्तकी मूल्य खाली आणण्यातच गेले आहेत. ज्या पुस्तकावर आपण विसंबून आहात, त्यातील आकडे कंपनी स्वतःच खोडत आहे, आणि ज्या कारखान्यांत पुरेशा गाड्या बनत नाहीत त्यांची किंमत पुस्तकात कितीही लिहिली तरी ती विकून हाती येत नाही.

१९९९ चा दाखला मात्र आपण अधिक बारकाईने वाचायला हवा होता, कारण त्या कथेत आपल्यासारख्यांची भूमिका कोणती होती, हे आपण पाहिलेलेच दिसत नाही. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने सुमारे ५.४ अब्ज डॉलर ओतून ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि निसान सावरण्यासाठी आपले अधिकारी कार्लोस घोन यांना पाठवले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या योजनेत २१,००० नोकऱ्या कमी करणे आणि पाच कारखाने बंद करणे हे ठळक मुद्दे होते, आणि वर्तमानपत्रांनी तेच उचलून धरले. खरी बचत मात्र खरेदीच्या खर्चात होती: सुट्या भागांवरचा खर्च तीन वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचा, भाग व कच्चा माल पुरवणाऱ्या १,१४५ कंपन्यांऐवजी जास्तीत जास्त ६०० ठेवायच्या, आणि पुरवठादारांमध्ये पिढ्यानपिढ्या धरून ठेवलेले शेअर विकून टाकायचे. योजना यशस्वी झाली. ६८,४०० कोटी येनांच्या तोट्यानंतर पुढच्याच वर्षी ३३,१०० कोटी येनांचा नफा दिसला. हा नफा मोठ्या प्रमाणात पुरवठादारांच्या खिशातून आला होता, आणि आपण आज पुरवठादाराच्या पगारपत्रकावर आहात.

तो प्रकार तेवढ्यावर थांबला असेही नाही. मार्च २०२४ मध्ये जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने निसानवर ठपका ठेवला, कारण कंपनीने ३६ उपपुरवठादारांना द्यायच्या रकमांतून सुमारे ३०० कोटी येन बेकायदा कापले होते. एकेकाळी निसान समूहातील मोठी पुरवठादार असलेली कॅल्सॉनिक कान्सेई २०१७ मध्ये निसानने विकली. ती पुढे मारेली झाली, आणि जून २०२५ मध्ये तिला अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागावे लागले. निसानची सध्याची योजना २०,००० नोकऱ्या कमी करण्याची, १७ कारखान्यांचे १० करण्याची आणि ५०,००० कोटी येनांचा खर्च वाचवण्याची आहे, आणि त्यातही कमी पुरवठादारांकडे अधिक काम देण्याचे धोरण स्पष्ट लिहिलेले आहे. आपली कंपनी त्या कमी झालेल्या यादीत राहील का, हा प्रश्न आपण आपल्या विक्री विभागातील वरिष्ठांना या महिन्यातच विचारावा.

यावर कोणी चतुर वाचक म्हणेल की मग निसानचा शेअर घेणे हाच उपाय आहे, कारण निसान सावरली आणि पुरवठादार भरडला गेला तर एका हाताने गेलेले दुसऱ्या हाताने परत येईल. हिशेब करून पाहू. २४ लाखांचे खरोखर तिप्पट झाले तरी नफा ४८ लाखांचा, तोही एकदाच. नोकरी गेली तर आपला वर्षाचा ७० लाखांचा पगार दरवर्षी जातो. आणि निसान सावरली नाही, तर दोन्ही हात एकदमच रिकामे होतात. शिवाय निसा खात्यातील तोटा दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे इतका जोखमीचा एकच शेअर त्या खात्यात ठेवणे हा त्या सवलतीच्या सर्वांत वाईट वापरांपैकी एक आहे.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. कर्मचारी शेअर योजनेत प्रत्येक खरेदीवर कंपनी १० टक्के भर घालते, म्हणून आपण पत्रात तिला ‘हमखास १० टक्के’ म्हटले आहे. आपल्या २२ लाखांवर २ लाखांची भर पडून २४ लाख झाले, आणि आपणच दिलेल्या विवरणानुसार आज त्यांची किंमत १३ लाख आहे. जवळजवळ निम्मी रक्कम गेली असताना त्या १० टक्क्यांना हमखास म्हणणे थांबवावे. नियमानुसार विकता येतील तेवढे शेअर पहिल्या संधीला विकावेत आणि पुढची वर्गणी बंद करावी. वरिष्ठांना काय वाटेल या संकोचापोटी मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिथे ठेवण्याचे कारण नाही.

फ्लॅटविषयी लिहिताना मला राग आवरणे कठीण जाते, कारण अशी विक्री परदेशी अभियंत्यांना गाठून, पगाराची पावती पाहून आणि जपानी भाषेतील करारांचा धाक वापरून केली जाते. आपल्याला सांगण्यात आले की कारखान्याजवळची खोली कधी रिकामी राहणार नाही, भाड्याची हमी आहे, आणि कर्जासोबत येणारा विमा म्हणजे फुकटचा आयुर्विमा आहे. तिन्ही विधाने तपासू.

ओप्पामा येथे निसानने १९६१ पासून गाड्या बनवल्या, आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की तेथील गाड्यांचे उत्पादन मार्च २०२८ अखेर थांबेल. भाडेकरूंच्या ज्या वर्दळीवर फ्लॅटची किंमत ठरवली गेली, तिच्या मोठ्या भागाला आता तारीख लागली आहे. दुसरे, ‘हमी भाडे’ देणारी मधली कंपनी कायद्याच्या दृष्टीने आपली भाडेकरू आहे, आणि जपानच्या जमीन व घरभाडे कायद्यानुसार भाडेकरूला भाडे कमी करण्याची मागणी करता येते, करारात हमी लिहिली असली तरी. ही बाब सही करण्यापूर्वी समजावून सांगणे डिसेंबर २०२० पासून बंधनकारक आहे. आपला करार त्यानंतरचा असल्याने ते स्पष्टीकरणपत्र शोधून काढावे. तिसरे, आपल्या वयाच्या निरोगी माणसाला एवढ्या रकमेचा शुद्ध मुदत विमा महिना काही हजार येनांत मिळतो. त्यासाठी १ कोटी ८० लाखांचे कर्ज डोक्यावर घेण्याची गरज नव्हती.

किंमत १ कोटी ८० लाख येन, कर्ज पूर्ण रकमेचे, मुदत ३५ वर्षे, व्याज अडीच टक्के आणि तेही बदलते. हप्ता सुमारे ६४ हजार. देखभाल व दुरुस्ती निधी वजा जाता हाती येणारे भाडे ४८ हजार. दरमहा १६ हजारांची तूट, वर्षाला २ लाखांच्या जवळ, आणि घरपट्टी धरून अडीच लाख. विक्रेता सांगेल की दरवर्षी साडेतीन लाखांचे मुद्दल फिटत आहे. ते खरे आहे, पण तीन वर्षांत मुद्दल १० लाखांनी उतरले आणि आपल्याला मिळालेला विक्रीचा अंदाज १ कोटी ३५ लाखांचा आहे, म्हणजे किंमत ४५ लाखांनी उतरली. त्यातील बरीचशी रक्कम विक्रेत्याचा पहिल्या दिवशीचाच नफा होता. जपानच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपवले आणि जानेवारी २०२५ मध्ये दर अर्ध्या टक्क्यावर नेला. आपले व्याज एका टक्क्याने वाढले तर वर्षाला आणखी लाख-सव्वा लाख जातील, आणि भाडे १० हजारांनी कमी झाले तर तेवढेच पुन्हा.

थोडक्यात, पगार निसानवर, शेअर योजना निसानवर, फ्लॅटचे भाडे निसानवर, आणि उरलेल्या रोख रकमेतील २४ लाखही आपण तिथेच पाठवायला निघाला आहात. ही आपल्या पत्रातील खरी चूक आहे आणि ती कोणत्याही शेअरच्या किमतीमुळे दुरुस्त होणार नाही.

फ्लॅट विकावा, असे माझे मत आहे, आणि त्याची किंमत मी लपवत नाही. शिल्लक कर्ज १ कोटी ७० लाख, अपेक्षित विक्री १ कोटी ३५ लाख, म्हणजे पदरचे ३५ लाख आणि दलालीसह इतर खर्च ५ लाख. ६० लाखांतून ४० लाख गेले की २० राहतात, आणि शेअर योजनेचे १३ मिळून ३३ लाख, म्हणजे साडेतीन लाखांच्या महिन्याच्या खर्चाप्रमाणे नऊ महिने. ही रक्कम बँकेत रोख ठेवावी आणि तिला हात लावू नये. मूळ विक्रेता सोडून किमान तीन दलालांकडून लेखी अंदाज घ्यावेत, आणि हमी भाड्याचा करार नव्या मालकाला बांधील राहतो का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे, कारण त्यावर खरेदीदार किती पैसे देईल ते ठरते. ओप्पामाच्या परिसरात विक्रेते वाढण्यापूर्वी हे व्हायला हवे. तीन अंदाजांची सरासरी १ कोटी ३० लाखांच्या खाली आली तर घाईने सही करू नये. त्या स्थितीत कर्ज दुसऱ्या बँकेकडे स्थिर दराने नेणे आणि दरवर्षी थोडे मुद्दल अधिक फेडणे हा मार्ग पुन्हा मोजावा लागेल. फ्लॅट गेल्यावर कर्जाचा विमाही जाईल, म्हणून विक्रीच्या तारखेआधीच पत्नीला लाभार्थी करून मुदत विमा सुरू करावा.

निसा खात्यात पुढील वर्षापासून दरमहा ५० हजार येन जगभरातील शेअर बाजारांत विखुरलेल्या, अल्प शुल्काच्या निर्देशांक फंडात घालावेत. त्या फंडात निसानचाही कणभर वाटा असू शकतो, आणि आपल्या परिस्थितीत निसानवर तेवढाच विश्वास पुरेसा आहे. आणि निसानखेरीज अन्य ग्राहक असलेल्या पुरवठादारांकडे नोकरीची चौकशी आजच सुरू करावी. आपल्या वयात आणि आपल्या अनुभवाला ती मिळणे आज जितके सोपे आहे, तितके मार्च २०२८ नंतर एकाच प्रांतातील अनेक अभियंते एकदम बाहेर पडल्यावर राहणार नाही.