रीझनर ऐकत नाही, म्हणजे मला लॉजिक जमत नाही का?

‘सर, इतकी वर्षं डेटाबेससाठी एसक्यूएल लिहितेय, पण या रीझनरपुढे पार शून्य झाल्यासारखं वाटतं. माझं गणित बारावीपासूनच कच्चं आहे. सोडून देऊ का?’

हा प्रश्न सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका तिशीतल्या ताईंचा. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऑन्टोलॉजी मॉडेलिंग (एखाद्या क्षेत्रातल्या संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडणं) आणि स्वयंचलित तर्क असा वरच्या पातळीचा ऑनलाइन कोर्स त्यांनी घेतला होता आणि ‘रीझनर चालवा’, म्हणजे त्या मांडणीतून आपोआप निष्कर्ष काढणारा प्रोग्राम चालवा, या टप्प्यावर गाडी अडली होती. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत डेटाबेसवाले बरेच असतात. संच, ‘आणि-किंवा-नाही’, ‘काही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक, एवढं गणित सुरुवातीला पुरतं, आणि ते या ताईंना येत होतं. म्हणून गणितावर चर्चा न करता लॅपटॉप उघडायला सांगितला.

प्रोटेजे या ऑन्टोलॉजी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओडब्ल्यूएल या भाषेत, त्यांनी शेतमालाचं मॉडेल केलं होतं. हळद आणि बेदाणा हे दोन क्लास, म्हणजे वस्तूंचे गट, एकमेकांपासून डिसजॉइंट, म्हणजे एकही वस्तू दोन्हींत नाही. ‘साठवण’ ही प्रॉपर्टी, म्हणजे दोन वस्तूंमधलं नातं. तिचं डोमेन (नातं जिथून निघतं तो गट) हळद, रेंज (नातं जिथे पोचतं तो गट) पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. पुढे बेदाण्याला लिहिलं होतं : साठवण सम (some, ‘किमान एक’) शीतगृह. हर्मिट हा रीझनर चालवला की बेदाणा लालभडक. ‘चुकीची नोंद नाकारायची सोडून हा अख्खा क्लासच का मारतो?’ हा त्यांचा राग.

लाल क्लासच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करायला सांगितलं. समोर तीन ओळी आल्या : बेदाण्याची साठवण असते, ज्याची साठवण असते ती हळद, हळद आणि बेदाणा वेगळे. म्हणजे बेदाणा हळदही आहे आणि हळद नाहीही, तेव्हा असा एकही बेदाणा असू शकत नाही. डोमेन-रेंज हे टेबलातल्या बंधनासारखे दार अडवत नाहीत. ते निष्कर्ष काढतात. डिसजॉइंट लिहिलं नसतं तर रीझनरने बेदाणा गुपचूप हळदीखाली नेऊन ठेवला असता, आणि ते जास्त महागात पडलं असतं. उपाय सोपा : डोमेन शेतमाल, रेंज साठवणस्थळ, पेव आणि शीतगृह त्याखाली.

दुसरी गाठ ‘शुद्ध राजापुरी लॉट’ची. व्याख्या अशी : लॉट आणि घटक ओन्ली (only, ‘असले तर फक्त’) राजापुरी. एका लॉटला घटक म्हणून फक्त राजापुरी हळद नोंदवली होती, तरी रीझनर त्याला शुद्ध म्हणेना. का म्हणेल? ओडब्ल्यूएलमध्ये जे लिहिलं नाही ते खोटं ठरत नाही, ते अज्ञात राहतं. त्या लॉटमध्ये सेलम ही हळदीची दुसरी जातही असू शकते. म्हणून लॉटच्या टाइपमध्ये, म्हणजे तो कोणत्या क्लासचा हे जिथे लिहितात तिथे, ‘घटक ओन्ली राजापुरी’ असं स्वतंत्र लिहून यादी बंद करावी लागते. आणि नुसत्या ओन्लीवर भिस्त ठेवली की उलटी फजिती होते : ज्यात काहीच नाही असा लॉटही ‘शुद्ध’ ठरतो. त्यामुळे व्याख्येत सम आणि ओन्ली दोन्ही हवेत.

तिसरी गोष्ट वजनपावतीची. ती प्रॉपर्टी फंक्शनल, म्हणजे एका लॉटला जास्तीत जास्त एकच पावती. तरी एका लॉटला दोन पावत्या, आणि एरर शून्य. दोन नावं म्हणजे दोन वस्तू, असं ओडब्ल्यूएल धरून चालत नाही. रीझनरने दोन्ही पावत्या एकच मानल्या. ‘या वेगळ्या आहेत’ असं सांगितल्यावरच विसंगतीची सूचना आली. वजन भरायचं राहिलं, पावती दुबार झाली, असल्या तपासणीसाठी २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शॅकल ही नोंदी तपासायची भाषा शिफारस म्हणून आहे. ते काम रीझनरच्या गळ्यात मारू नये.

मध्यंतरी कुणीतरी ‘एल्क वापरा, झटपट चालतो’ असा सल्ला दिला होता. एल्क हा रीझनर वेगवान आहेच, पण ओडब्ल्यूएल २ च्या ईएल या मर्यादित भागापुरता. ओन्ली त्यात बसत नाही. एल्क इशारा देऊन ते अ‍ॅक्सिअम, म्हणजे मॉडेलमधलं ते विधान, बाजूला ठेवतो. ताईंनी इशारा वाचला नव्हता आणि शुद्ध लॉट सापडत नाहीत म्हणून रात्रभर स्वतःला दोष दिला. स्नोमेड सीटीसारखी साडेतीन लाखांहून जास्त संकल्पनांची वैद्यकीय परिभाषा ईएलमध्ये चालते, कारण ती तशी बेतूनच लिहिलेली आहे. शिकताना छोटं मॉडेल आणि हर्मिट बरा.

त्यांना दिलेला गृहपाठ : दहाच्या आत क्लास. एका वेळी एकच अ‍ॅक्सिअम. कंट्रोल-आर (रीझनर सुरू करायची कळ) दाबायच्या आधी वहीत लिहायचं, काय निष्कर्ष निघेल आणि कोणत्या ओळींमुळे. अंदाज चुकला तर दुरुस्तीला हात लावायचा नाही. आधी स्पष्टीकरणाची खिडकी वाचायची, तिथल्या ओळी मराठीत बोलून पाहायच्या. प्रत्येक चालत्या अवस्थेची प्रत वेगळ्या नावाने ठेवायची. वही कंटाळवाणी आहे, पण निव्वळ बटण दाबत राहिलेल्यांना महिन्यानंतरही तोच लाल रंग तितकाच गूढ वाटतो.

पुढच्या भेटीत वहीतले बरेच अंदाज बरोबर होते. नवी अडचण मात्र अस्सल वरच्या पातळीची निघाली. लॉट पेवात, पेव हरिपुरात, म्हणून लॉट हरिपुरात, यासाठी ‘स्थान’ ट्रान्झिटिव्ह केलं होतं. आणि एका वस्तूचं एकच स्थान असतं म्हणून फंक्शनलही. हर्मिटने सुरू व्हायलाच नकार दिला. ओडब्ल्यूएल २ डीएल या, हर्मिटला चालणाऱ्या भागात ट्रान्झिटिव्ह किंवा साखळीतून (प्रॉपर्टी चेन, म्हणजे एकापुढे एक जोडलेली नाती) आलेल्या प्रॉपर्टीवर फंक्शनल आणि संख्येची बंधनं लावता येत नाहीत, नाहीतर रीझनरचं उत्तर निघण्याची हमीच जाते. मग ‘थेटस्थान’ ही फंक्शनल उपप्रॉपर्टी केली, ती ट्रान्झिटिव्ह ‘स्थान’च्या खाली टाकली आणि नोंदी थेटस्थानवर हलवल्या. रीझनर सुरू झाला. गणिताचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. प्रॉपर्टी चेन केव्हा शिकवणार, एवढंच विचारलं.