होगार्थचं 'जिन लेन' बघताना

रेषा, शाई, अ‍ॅसिडने खाल्लेला तांब्याचा पत्रा हे सगळं नंतर बघा. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थचं 'जिन लेन' हे छापचित्र हाती घेतलंय ना, मग आधी १७५१ चं लंडन वाचून काढा. जिन नावाच्या स्वस्त दारूने गरीब वस्त्या पोखरल्या होत्या. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनविरोधी कायदा केला. चित्र त्या मोहिमेच्या बाजूचं, थोडक्यात प्रचारच!

आता परत बघा. आईच्या हातून निसटणारं मूल कुणालाही दिसतं. पण डावीकडे, सावकाराच्या दारात सुतार चक्क करवत गहाण टाकतोय, शेजारी एक बाई स्वयंपाकाची भांडी. हत्यारच गेलं म्हणजे उद्याची मजुरीही गेली. होगार्थचंच जोडीचं चित्र 'बिअर स्ट्रीट' शेजारी ठेवाच. तिथे सगळे धष्टपुष्ट, आणि मोडकळीला आलंय ते सावकाराचं दुकान.